पहिल्या रिंगला उचलणारा फोन

"वहिनी, जरा हसून बोला," फोन उचलणारं यंत्र बसवायला आलेला सोमाणी म्हणाला. "हसू आवाजात उतरतं."

मी काउंटरमागच्या स्टुलावर सरळ बसले आणि हसून बोलले. "नमस्कार, कानडे सर्जिकल. ऑक्सिजन सिलिंडरसाठी एक दाबा. व्हीलचेअर, वॉकर आणि इतर साहित्यासाठी दोन दाबा."

तेवढ्यात बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. सोमाणीनं यंत्राचं बटण दाबून सगळं पुसलं. दुसऱ्यांदा दुकानात एक बाई गुडघ्याचा पट्टा विचारत आल्या. तिसऱ्यांदा मीच अडखळले. चौथ्या वेळी नीट जमलं आणि शेवटी मी माझ्या मनानं एक वाक्य घातलं, "काळजी करू नका. थांबा, आम्ही आहोत."

"हे कागदावर नव्हतं," सोमाणी म्हणाला.

"नुसतं एक दाबा, दोन दाबा कोरडं वाटतं. आजारी माणसाच्या घरून फोन येतो."

"राहू द्या मग. छान आहे."

अण्णा, म्हणजे माझे सासरे, गल्ल्यावर बसून हे बघत होते. "फोन उचलायला यंत्र ठेवलंत," ते म्हणाले. "आता गल्ल्यावर माझा फोटो लावा, म्हणजे मीही घरी बसायला मोकळा."

सोमाणी मोठ्यानं हसला. अण्णा हसले नाहीत.

२००९च्या जानेवारीतला तो मंगळवार होता. संगमनेरात आमचं सर्जिकल साहित्याचं दुकान. धंद्याचा मोठा भाग घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचा. त्या महिन्यात असे अकरा रुग्ण होते. माझा नवरा सुधाकर टेम्पोतून भरलेले सिलिंडर पोचवायचा आणि रिकामे परत आणायचा. कुणाला सिलिंडर कधी लागणार हे आम्हांला फोनवर कळायचं, आणि फोनची लाईन एकच होती. त्याच फोनवर लोक कमोडच्या खुर्चीचा भाव विचारत, कुणाला डॉक्टर दवाखान्यात आहेत का ते हवं असे, कुणाला शेजारच्या बेकरीचा नंबर.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी डी. फार्म. झालेली, आणि दुकानात काहीतरी नीट करून दाखवायची मला घाई होती. सहा दिवस मी वहीत रेघा मारून फोन मोजले. एकशे अठ्ठ्याऐंशी आले. त्यांतले बासष्ट मिस्ड कॉल. लोक एक रिंग देऊन ठेवत आणि अण्णा चष्मा चढवून छोट्या पडद्यावरचा नंबर बघत आणि उलट फोन लावत. अण्णांचा अर्धा दिवस त्यात जायचा आणि तेवढा वेळ फोन अडकलेला असायचा. सिलिंडरवाल्यांना एंगेज लागायचा.

तीन पर्याय होते. दुसरी लाईन घेऊन फोनवर एक मुलगी बसवायची. तिचा पगार परवडणारा नव्हता. दुकानातले फोन सुधाकरच्या मोबाईलवर वळवायचे. पण तो निम्मा वेळ डोंगरात असे, तिथे रेंज नाही. तिसरा पर्याय सोमाणीचं यंत्र. एकदाच पैसे, महिन्याला काही नाही. पहिल्या रिंगला उचलतं, एक दाबणाऱ्याला काउंटरवरच्या फोनशी जोडतं, दोन दाबणाऱ्याला मागच्या खोलीतल्या. ज्यानं काहीच दाबलं नाही त्याला पंधरा सेकंद गाणं ऐकवतं आणि फोन ठेवून देतं.

"मिस्ड कॉलवाल्यांचा त्रासच संपला," सोमाणी म्हणाला होता. "रिंग द्यायला गेले की फोन उचललेलाच."

अण्णांनी तेव्हा एवढंच विचारलं, "मिस्ड कॉल देणारे गिऱ्हाईक नसतात का?"

"गरज असेल तर बोलतील ना अण्णा," मी म्हणाले. "एक बटण तर दाबायचंय. ते यंत्रच सांगतंय काय दाबायचं."

"ठीक आहे. तुला कळतं त्यातलं," असं म्हणून त्यांनी पेपर उघडला.

मंगळवारी दुपारी चार वाजता यंत्र चालू झालं. संध्याकाळपर्यंत फोन मोजकेच वाजले, आणि जे वाजले ते सगळे कामाचे. मला फार बरं वाटलं. सुधाकर म्हणाला, "दुकान आहे की लायब्ररी? एवढी शांतता."

बुधवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी, गर्दी ओसरल्यावर, मी यंत्राचा पडदा बघायला घेतला. त्यात आलेले आणि जोडलेले फोन वेगवेगळे दिसायचे. सकाळपासून आलेले एकतीस. जोडलेले बावीस.

"नऊ जणांनी काहीच दाबलं नाही," मी म्हणाले. "नऊ वेळा तुमचं उठणं वाचलं, अण्णा."

"कोण नऊ?"

मी बटण दाबत खाली गेले. सहा नंबर वेगवेगळे होते. एक नंबर तीनदा होता. अकरा दहा, अकरा चौदा, अकरा सव्वीस.

"शेवटचे आकडे वाच."

"सात चार पाच सात."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचला.

"लीला भांगरे," ते म्हणाले.

आंबेदरीच्या पुंजाबाबा भांगऱ्यांची ती सून. बाबांनी तीस वर्षं खडी क्रशरवर काम केलं होतं, त्या धुळीनं छाती गेली होती. सात महिने ते आमच्या सिलिंडरवर होते. रात्रंदिवस, मिनिटाला दोन लिटर.

"तिनं एक का नाही दाबलं?" मी म्हणाले.

"ती स्वतःहून फोन लावून कधी बोलतच नाही गं. सिलिंडरवरचा काटा लाल पट्ट्याला टेकला की एक रिंग देते. मी लावतो, पाठवतो म्हणून सांगतो, झालं. सात महिने असंच चाललंय." ते उभे राहिले होते. "तीनदा रिंग देणारी बाई नाही ती."

मी नंबर लावला. आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. पुन्हा लावला. तेच.

सुधाकर मागच्या खोलीत डबा खात होता. घास हातात घेऊनच बाहेर आला. "भांगऱ्यांकडे सोमवारी संध्याकाळी पाच वाजता मोठा सिलिंडर लावलाय मी. सात हजार लिटर. दोनाच्या हिशोबानं अठ्ठावन्न तास. म्हणजे उद्या पहाटे तीनपर्यंत. संध्याकाळी सहाला निघालो तरी चालेल, आत्ता नर्सिंग होमचा माल द्यायचाय."

मी कागदावर आकडे मांडले. त्याचा हिशोब बरोबर होता. मीही तेच म्हणाले.

"हिशोब तुमचा बरोबर असेल," अण्णा म्हणाले. "पण काटा लाल झाल्याशिवाय ती फोन करत नाही, आणि फोन सकाळी अकराला आलाय. मग एकतर सिलिंडर गळतोय, नाहीतर हवा जास्त लागतेय. आता हात धू."

सुधाकरनं हात धुतले.

"मी पण जाते," मी म्हणाले.

"जा. आणि हे काढून ठेव आधी." अण्णांनी बोटानं यंत्र दाखवलं. "मी फोनपाशी बसतो."

मी वायर काढली, जुना फोन सरळ जोडला. मोठा सिलिंडर टेम्पोत चढवून साखळीनं बांधला. निघालो तेव्हा दोन पंचावन्न झाले होते. आंबेदरी अडतीस किलोमीटर, त्यातले शेवटचे नऊ चढाचे.

अकोले मागे पडलं. मी दर पाच मिनिटांनी नंबर लावत होते आणि तीच बाई तेच सांगत होती.

"गळत असेल तर वास येत नाही ना?" मी विचारलं.

"ऑक्सिजनला कसला वास? वॉशर मी नवीन टाकला होता."

"बघून टाकलास?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू आत्ता माझी परीक्षा घेणार का?"

"नाही."

"मग रस्त्याकडं बघ."

पुढे डांबराचं काम चालू होतं. लाल फडकं धरलेल्या माणसानं आम्हांला थांबवलं. सुधाकरनं खाली उतरून सिलिंडर दाखवला. तो माणूस म्हणाला, "साहेब, माझ्या हातात असतं तर सोडलं असतं, पण रोलर आडवा आहे. रोलरला कुठं रिव्हर्स घालू?" रोलर हलायला नऊ मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, म्हणून मला माहीत आहे. त्या नऊ मिनिटांत मी कागदावर पुन्हा हिशोब मांडला. हवा तीन लिटर केली असेल तर? कधीपासून? मंगळवारी संध्याकाळपासून धरलं तर उत्तर आलं बुधवार, दुपारी चार.

मी कागद सुधाकरला दाखवला नाही. मला वाटलं, तो घाटात जोरात चालवेल.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही आंबेदरीच्या शाळेपाशी पोचलो. तिथून घर दोनशे पावलं, पण टेम्पो जात नाही. टेम्पोचा आवाज ऐकून एक माणूस पळत खाली आला. लीलाचा दीर, यशवंत. त्यानं येऊन सरळ सिलिंडरचं एक टोक धरलं. दोघांनी सिलिंडर तिरका करून गडगडत वर नेला. मी पान्हा आणि वॉशरची पुडी घेऊन पुढे धावले.

घरात अंधार होता. सकाळपासून वीज नव्हती. पुंजाबाबा बाजेवर बसून पुढे वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते. ओठ जांभळाच्या रंगाचे. लीला त्यांच्या पाठीशी बसून पाठ चोळत होती. मी सिलिंडरकडे बघितलं. काटा शून्याला टेकल्यासारखाच होता. हवा ज्यातून मास्ककडे जाते त्या पाण्याच्या बाटलीत एक बुडबुडा आला. मी मनात चारपर्यंत मोजल्यावर दुसरा.

"एकावर ठेवलाय मी," लीला म्हणाली. "काटा शून्याकडं गेला तसा तीनाचा एक केला. म्हणलं, पुरवून पुरवून वापरू."

ती उठली नाही, हातही थांबला नाही. मी मीटर बघितलं. तिनं हवा कमी केली नसती, तर सिलिंडर चारच्या आतच संपला असता.

सुधाकरनं नवा सिलिंडर टेकवला, जुन्यावरून मीटर काढलं. त्या दीड मिनिटात बाटलीत काहीच नव्हतं. बाबांनी मान वर केली आणि तोंड उघडून छपराकडे बघत राहिले. लीला म्हणत होती, "आलं बाबा, आलं, आलं." सुधाकरचा पान्हा एकदा निसटला. मी वॉशर त्याच्या तळहातावर ठेवला. तो बसवून त्यानं मीटर आवळलं आणि चावी फिरवली. फस्स असा आवाज झाला आणि बाटलीतलं पाणी खदखदू लागलं.

मी तीनावर लावलं. आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघत उभे राहिलो.

ओठांचा रंग बदलायला वीस मिनिटं लागली. बाबांनी भिंतीला पाठ टेकली. मास्कच्या आतून त्यांनी हातानं खूण केली, ती मला कळली नाही. लीलाला कळली. "चहा ठेवायला सांगतात," ती म्हणाली आणि पहिल्यांदा उठली.

चुलीपाशी बसून ती बोलायला लागली. "बरं झालं ताई, तुम्हांला सकाळीच सांगून ठेवलं. नाहीतर मी भावजींना मोटरसायकलवर पाठवणारच होते, साडेअकराला. गाडी काढली पण होती. तुम्ही म्हणालात थांबा, म्हणून नाही पाठवलं."

सुधाकर रिकाम्या सिलिंडरला टोपण लावत होता. त्याचा हात थांबला.

"काय सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"तेच की. मंगळवारी पाचला डॉक्टर आले होते, त्यांनी दोनाचं तीन केलं. काटा लालच्या पार खाली आलाय, लवकर पाठवा." तिनं पातेल्यात गूळ टाकला. "मी रिंगच देणार होते, पण तुम्ही लगेच उचलला. दुकानात ऐकलेला तुमचा आवाज ओळखला मी. तुम्ही बोलत होता, मी पण बोलत होते, म्हणलं ताईंना नीट ऐकू गेलं नसेल. मग गाणं लागलं आणि फोन कट झाला. रेंज गेली असंल म्हणून परत लावला. तुम्ही परत म्हणालात, काळजी करू नका, आम्ही आहोत. तिसऱ्यांदा तुम्ही बोलून होईपर्यंत मी गप्प राहिले आणि मग सावकाश सगळं सांगितलं. तेवढ्यात पैसे संपले, मग बॅटरी पण गेली."

सुधाकर माझ्याकडे बघत होता. त्यानं अगदी थोडी मान हलवली. नको. त्याचं म्हणणं मला कळत होतं. माणूस वाचला होता, चहा उकळत होता, ही बाई आमचे आभार मानत होती. गप्प बसलं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

पण त्या घरात पुढचा काटा परवा लाल होणार होता.

"लीला, ती मी नव्हते," मी म्हणाले.

"कोण?"

"फोनवर. दुकानात यंत्र बसवलंय. फोन आला की ते उचलतं आणि माझा आवाज लावतं. मी एकदाच बोलून ठेवलंय त्यात. मंगळवारी दुपारी."

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आवाज तुमचाच होता."

"आवाज माझाच. मी तिथं काउंटरवर होते, पण फोनवर नव्हते. तुझे तीन फोन आले हे मला दुपारी पावणेतीनला कळलं. तेही अण्णांनी नंबर ओळखला म्हणून."

"मग मी सांगितलं ते?"

"ते कुणीच ऐकलं नाही."

यशवंत दारात उभा होता. तो बाहेर जाऊन थुंकला आणि परत येऊन तिथंच उभा राहिला. लीला पातेल्याकडे बघत होती. चहा उतू जाऊन चुलीत पडला तरी तिनं तो उतरवला नाही, मीच पदरानं धरून उतरवला.

बाजेवरून आवाज आला. बाबांनी दोन बोटांनी मास्क वर उचलला होता.

"मी ऐकलं की," ते म्हणाले. "तीनदा."

लीलाची मान खाली गेली. तिसऱ्यांदा सावकाश सगळं सांगताना, बाबा ऐकतायत याचं भान न राहून, ती आणखी काय म्हणाली होती, ते आम्हांला तिनं सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

"मास्क लावा बाबा," ती म्हणाली.

यंत्राचं पुढं काय झालं ते सांगते. सोमाणीनं निम्म्या किमतीत परत घेतलं. आम्ही दुसरी लाईन घेतली, तिचा नंबर फक्त सिलिंडरवाल्यांना दिला आणि त्यावर साधा फोन ठेवला, नंबर दिसणारा. घरी ऑक्सिजनवर असलेल्यांकडे रोज सकाळी आपणच फोन करायचा, काटा विचारायचा, असं ठरलं. आज दुकानात सहा माणसं आहेत आणि ते सकाळचे फोन मी अजून कुणाला करू देत नाही. पुंजाबाबा त्यानंतर चौदा महिने होते.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. चहा झाल्यावर आम्ही निघालो, तेव्हा लीला आमच्यामागे अंगणात आली. ती रागावलेली दिसत नव्हती.

"उद्यापासून फोन कोण उचलणार?" तिनं विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही जेवायला गेलात तर?"

"अण्णा असतात."

"अण्णांना ऐकू कमी येतं. ते मला म्हणायचे, जरा मोठ्यानं."

"मग मी," सुधाकर म्हणाला.

"तुम्ही तर गाडीवर."

ती आणखी काही विचारेल म्हणून मी थांबले. ती उत्तराची वाट बघत होती.

"हे बघ," मी म्हणाले, "तू पहिल्यासारखी रिंग दे. अर्ध्या तासात आमच्याकडून कुणी बोललं नाही, म्हणजे खरं माणूस, तू विचारशील त्याला उत्तर देणारं, तर यशवंतला गाडीवर दुकानात पाठव. येऊन शिव्या देऊ दे."

"अर्धा तास," ती म्हणाली.

"अर्धा तास."

ती वळली आणि तिनं दिराला हाक मारली. तो ओट्यावरून खाली आला. "ताई काय म्हणतात ते तुम्ही ऐका," ती त्याला म्हणाली, आणि मग मला, "आता यांना सांगा. मला सांगितलं तसंच."

मी सुरुवातीपासून पुन्हा सगळं सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. माझं संपल्यावरही लीला तिथून हलली नाही, म्हणून मीही हलले नाही.

"अर्धा तास," तो म्हणाला. "मग मी येणार."

ती आत गेली.